चाचणी चुकवायची अक्कल

हॅझल क्रीक, मिसिसिपी
६ ऑक्टोबर २०१४

चि. लव्हॉन यास,

ताईचे आशीर्वाद, रीत म्हणून, मनापासून नव्हेत. फोन तू मध्येच आपटतोस, म्हणून लिहितेय.

शुक्रवारच्या फुटबॉल सामन्यात टायरीच्या डोक्याला जबर टोला बसला. काल चर्चमध्ये माझा लेक सख्ख्या आजीला विचारत होता, तुम्ही कोण? आज शाळेने कॉम्प्युटरवर डोक्याची चाचणी घेतली, तर म्हणे मोसमाआधी ऑगस्टमध्ये होती तशीच आहे, खेळू दे. मी खोदखोदून विचारलं तेव्हा टायरी बोलला. ऑगस्टची चाचणी त्याने चुकीची उत्तरं देऊन मुद्दाम चुकवली होती, म्हणजे पुढे मार बसला तरी फरक दिसायला नको! आणि ही अक्कल दिली कोणी? लव्हॉनमामाने!

लाज कशी वाटली नाही रे? स्वतःच्या डोक्याचा भुगा केलास तेवढा पुरला नाही?

टायरी अठराचा आहे, सह्या स्वतः करतो आणि शाळेत साफ नाकबूल करतो. आईचं रडगाणं कोच स्टोव्हॉल ऐकत नाहीत. तुझं ऐकतील, तुझी जर्सी आहे त्यांच्या भिंतीवर. पुढचा सामना सतराला. त्याआधी जाऊन खरं सांग. दुसऱ्या टोल्याने पोरांचं काय होतं ते मी इस्पितळात पाहिलंय, लव्हॉन. ती उठत नाहीत.

लोभाचं काय ते त्यानंतर बघू.

वर्नेट


मेरिडियन
१३ ऑक्टोबर, संध्याकाळ

ती. वर्नेटताईस,

कृ. सा. न. वि. वि. की तू जन्माची भांडकुदळ आहेस.

तुझं पत्र आत्ता टेबलावर सापडलं. अकरा वर्षं लाइनबॅकर होतो मी. समोरून येईल त्याला आडवं करायचं, हेच काम. ती चाचणी आम्ही सगळेच चुकवायचो. ज्याने इमानदारीने दिली तो महिनाभर बाकावर बसला आणि त्याची जागा दुसऱ्याने बळकावली. त्याच अकरा वर्षांत आईचं घर झालं, तुझं नर्सिंग झालं. तेव्हा बरी तुला माझ्या डोक्याची आठवण आली नाही!

सतराला कॉलेजवाले टायरीला त्यांच्या संघासाठी बघायला येणार. भाच्याची चहाडी करून त्याच्या पोटावर पाय देऊ? मेलो तरी नाही. त्या कोचच्या दारात मी पाऊल टाकणार नाही. तू आपली घरात कॅटफिश तळ आणि गप्प बस.

लोभ आटला तरी माझं काही अडत नाही.

लव्हॉन


हॅझल क्रीक
१६ ऑक्टोबर

चि. लव्हॉन यास,

अनेक आशीर्वाद. या वेळी खरे.

तुझं पत्र वाचून अंगाचा नुसता तिळपापड झाला. तशीच शाळेत गेले, कोचच्या टेबलावर ते आपटलं आणि म्हटलं, वाचा, तुमचा भिंतीवरचा देव काय लिहितो ते! त्यांनी वाचलं. पुन्हा वरची तारीख पाहिली. मग उठून दार लावलं आणि मला बसायला सांगितलं.

म्हणाले, लव्हॉन गेल्या गुरुवारीच येऊन गेला. टोपी काढून सगळं कबूल केलं, टायरीचं आणि स्वतःचंही. त्याच दिवशी त्यांनी टायरीचं नाव संघातून काढलं. मला द्यायची चिठ्ठी त्या गाढवाने दप्तरात दडवली.

शुक्रवारी तू पुन्हा त्यांच्याकडे गेलास आणि तेच पहिल्यापासून सांगितलंस. सोमवारी सकाळी पुन्हा. तिन्ही वेळा रडलास. आणि त्याच संध्याकाळी मला लिहिलंस की मेलो तरी सांगणार नाही.

टायरी तुझ्या नावाने शिव्या घालतोय, घालू दे. जिवंत आहे. शनिवारी मी येतेय तुला न्यायला, तोवर गाडीला हात लावू नकोस. काय भांडायचं ते समोर बसून भांडू.

लोभ आहे रे मेल्या, कुठे जातोय? हे पत्र फ्रिजवर चिकटव. वाचून पुन्हा कोचकडे निघू नकोस. तू सांगितलंयस, लव्हॉन.

तुझी ताई