परातीखालचा डबा

४ नोव्हेंबर, संध्याकाळ
मला अक्षर येत नाही, पण आता माझी रोजनिशी आहे. आमच्या लेकीने, मिरानने, फोन शिकवून ठेवला. आपण बोलायचं, तो लिहितो. सांगितलं की वाचूनही दाखवतो. इतकं मन लावून या घरात माझं कोणी ऐकलं नव्हतं.
म्हातारबुवांचे पाय लटपटतात. मिरान तिकडे देगू शहरात असते. तिचं म्हणणं, बाबांना वृद्धाश्रमात ठेवू. मी नाही म्हटलं. मग तोड निघाली: घरात वायफायचा डबा, म्हातारबुवांच्या गळ्यात बटण. पडले, दाबलं, की देगूत तिचा फोन वाजणार. बटण चालतंय तोवर बाबा घरी.
ठीक. पण डबा आल्यापासून त्यांच्या कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं. त्याच आठवड्यात दवाखान्यातून नवीन मिळालेलं यंत्र. बिघडलेलं नाही. रोज सकाळी मीच कानात बसवते, मला कळणार नाही तर कोणाला?
दोष डब्याचा आहे. बंदोबस्त करणार.

५ नोव्हेंबर
म्हाताऱ्यांच्या मंडळात ओक्बुनला विचारलं. म्हणाली, लहरी. डब्यातून निघतात आणि थेट मेंदूत. तिच्या भाच्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरशेजारी निवडुंग ठेवतात, तो लहरी पिऊन टाकतो.
ओक्बुनच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यावं लागतं. निवडुंग घेतला.

७ नोव्हेंबर
निवडुंग डब्याला टेकवला. दोन्हीकडे कोळसे, सोयासॉसच्या रांजणात वास शोषायला घालतो ते. शिट्टी चालूच. निवडुंग लहान आहे, पिऊन पिऊन किती पिणार?
म्हातारबुवा मांडामांड बघत होते. म्हणाले, "मिरानची आई, पितरांचं ताट मांडलंस होय? मी अजून आहे."

१० नोव्हेंबर, संध्याकाळ
किमचीचा कोबी तिखटात कालवायची मोठी स्टीलची परात डब्यावर पालथी घातली. आता लहरी आत, आम्ही बाहेर. शिट्टी कमी झाली. निदान म्हातारबुवा यंत्र काढून झोपले होते तेव्हा नव्हती.
एक बारीक अडचण. परात घातली की फोन लिहीत नाही. दुपारभर बोलले, सगळं वाया. मिरानही फोनवर दिसत नाही. म्हणून संध्याकाळी तिचा फोन यायच्या वेळेला परात उचलायची, तिच्याशी बोलायचं, रोजनिशी उरकायची, परत झाकायचं. व्यवस्था चोख.
बटणाची काळजी नाही. त्याला ना वायर, ना पडदा. त्याचा डब्याशी काय संबंध?

१३ नोव्हेंबर
मिरान विचारत होती, बटण दिवसभर बंद का दिसतं, बाबा काढून ठेवतात का. मी म्हटलं, काढत असतील, पुरुषांना गळ्यात काही सहन होत नाही. आता तोंडातून गेलं ते गेलं. ती म्हणाली, असंच चाललं तर वृद्धाश्रमाशी बोलावं लागेल.
म्हातारबुवा शेजारीच होते. त्या शिट्टीत ऐकू गेलं नसणार. फोन ठेवल्यावर मी त्यांना दटावलं, बटण काढायचं नाही. ते म्हणाले, बरं.

१६ नोव्हेंबर
उद्या ओक्बुनकडे हिवाळ्याची किमची घालायची आहे. तिने परात मागितली. दरवर्षी देते. यंदा सांगितलं, परात कामात आहे. नोव्हेंबरात परातीला किमचीशिवाय दुसरं कसलं काम, असं तिने सगळ्यांसमोर विचारलं. मी कोबी मोजत असल्यासारखं केलं.
तरी हातभार लावायला जाणार. म्हातारबुवांजवळ बटण आहे.

१८ नोव्हेंबर, दवाखाना
काल बोलता आलं नाही.
ओक्बुनकडून परतले, हात तिखटाने लाल. म्हातारबुवा न्हाणीघरात फरशीवर पडलेले. ओठ निळे. बटण मुठीत, मूठ सुटेना. "वाजत नाही गं," एवढंच म्हणाले. मी जिन्यात जाऊन ओरडले, खालच्यांनी ॲम्ब्युलन्स बोलावली.
खुबा शाबूत. मनगट मोडलं. अंगात थंडी शिरली आहे.
मिरान धावत आली. विचारलं, बाबा, बटण का नाही दाबलंत? त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं. मग तिला म्हणाले, "विसरलो."
बाहेर येऊन ती म्हणाली, बटणसुद्धा लक्षात राहत नाही, आता घरी ठेवणं बरोबर नाही, सोमवारी वृद्धाश्रमात जागा बघते.
सांगायला हवं. उद्या सांगते. आज ती दमली आहे.

१९ नोव्हेंबर, दवाखाना
आज सांगणार होते. ती जेवत होती. जेवत्या माणसाला काही सांगू नये. नंतर तिला डुलकी लागली.
नर्सने कानातलं यंत्र बसवून दाखवलं. मी अर्धंच आत घालत होते. पूर्ण ढकललं, शिट्टी बंद. ओक्बुनला हे कळवण्याची गरज नाही.
इथे फोन दिवसभर लिहितो. मिरानने जोडून दिला. इथे डब्यावर कोणी परात घालत नाही.

२१ नोव्हेंबर
सांगितलं. ती वृद्धाश्रम बघायला निघाली, गाडीचं दार उघडलं, तेव्हा. बाबांनी दाबलं होतं. परात मी घातली होती.
ती दार धरून उभी राहिली. मग म्हणाली, "आणि ते बटण काढून ठेवतात, तेही तूच रचलंस?"
मी म्हटलं, तेही.
तिने गाडीचं दार लावलं. तिकडे गेली नाही. 

२४ नोव्हेंबर, संध्याकाळ, घर
आलो. परात मिरानच्या गाडीतून देगूला गेली. कोळसे रांजणात परत. डबा म्हातारबुवांच्या उशाशी. बटण दाबून बघितलं, तिकडे लगेच वाजलं. मिरानने बजावलं आहे, पुन्हा डब्याला हात लावलास तर दोघांनाही नेऊन ठेवीन. 'दोघांनाही' म्हणाली, तेवढं बरं वाटलं.
शिट्टी नाही. म्हातारबुवांना आता सगळं स्वच्छ ऐकू येतं. मी ही रोजनिशी बोलते तेसुद्धा. हे आधी ध्यानात आलं नाही.
मघाशी फोनला मागचं वाचायला सांगितलं. तेरा तारखेचं सुरू झालं आणि मला तो बंद करायला जमेना. पलीकडून म्हातारबुवा म्हणाले,
"ते तेव्हाही ऐकू आलं होतं, मिरानची आई. निवडुंगाला पाणी घाल."