खळ्यातली आंबुटी

कणकवली,
दिवाळीचा पाडवा, २००४

प्रिय शंकर यास,

भावोजींचा आशीर्वाद. तू तारकर्लीला सुखरूप पोचला असशील. कंबर दुखत असेल, ती दुखू दे. (तुझी ताई शेक घ्यायला सांगते आहे, मी सांगत नाही.) सासूबाईंना नमस्कार. त्यांच्यावर माझा राग नाही, त्या फावडे घेऊन आल्या नव्हत्या.

शंकर, दिवाळीला आलेला पाहुणा फराळ करतो आणि दुपारी झोपतो. माझे खळे खरवडायला तुला कोणी सांगितले? (कोणी ते मला माहीत आहे. ती आत करंज्या खाते आहे.) पाऊस सरला की साऱ्या कॉलनीची अंगणे चोपून, सारवून तयार होतात, हे मलाही कळते. माझे राहिले ते आळसाने नव्हे. तुळशीच्या पायाशी आंबुटी, तुमच्या मते नुसते आंबट तिपानी गवत, माजली होती आणि तिच्यावर एक नखाएवढे फुलपाखरू अंडी घालत होते. उडाले की निळेशार, बसले की पंख मिटून राखाडी. नितेशने, म्हणजे तुझ्या भाच्याने, पाठवलेल्या कॅमेऱ्यात मी रोलमागून रोल संपवले, सगळ्या फोटोंत राखाडी. शेजारचे बँकेतले यतीन फोटो बघून म्हणाले की मास्तर, चुलीतल्या राखेचे एवढे फोटो कशाला? तेव्हापासून कॉलनीत मी राखवाला मास्तर. मला ते निळे एकदाच कागदावर आणून त्यांच्या नाकासमोर धरायचे होते. दुसरे काही मागितले नव्हते.

त्यासाठी मी रोज सकाळी खळ्यात पोटावर पडून असायचो. (पहिल्या दिवशी दूधवाल्याने डॉक्टरांना बोलावून आणले.) पंख जरा हलले की तुझी ताई नेमकी तेव्हाच बादली आपटायची आणि तुळशीचे लग्न काय गवतात लावणार, असे भिंतीला विचारायची. मग तू आलास. बहिणीच्या दारात रान बघून तुझा जीव कळवळला, आणि मी अभ्यंगस्नानाला बसलो असताना तू आंबुटी मुळासकट, अळ्यांसकट उपटलीस. वर चोपलेस, ताईने सारवले. मी टॉवेलवर बाहेर आलो तर तू घाम पुसत म्हणालास, “भावजीनु, आता खळा कसा दिसता बगा.” खरे सांगतो, मला रडू येत होते. सणाचा दिवस म्हणून तसाच फराळाला बसलो.

तुळशीच्या लग्नाचे तुला आमंत्रण नाही.

तुझा (तूर्त) भावोजी,
काशिनाथ

ता. क. पत्र टाकायचे राहिले. भाऊबीजेला ताईने खळ्याला शेणाचा दुसरा हात दिला. ओल्या सारवणावर तीच फुलपाखरे उतरली, ओलावा पीत, उन्हात पंख सताड उघडून. मी नव्या सदऱ्यासकट शेणात आडवा झालो. रोल आज धुऊन आला. निळे आले आहे.

आणखी ता. क. फोटो यतीनना दाखवला. बराच वेळ बघून म्हणाले, “निळा आसा ता खरा. पण शेणार बसता ती माशीच.” तेव्हा आता हिरव्यावर बसलेले निळे हवे. तुळशीच्या लग्नाला अवश्य ये. तुझ्या माडांखालची आंबुटी ढेकळांसकट पाटीभर आण. ताईला सांग की आरास आहे. आणि फावडे विसरू नकोस, खळे कुठे खणायचे ते मी दाखवीन.