ट्रंककॉलच्या जागी जलेबी

बाबा, काल मी एक विलायती सिनेमा पाहिला, जुन्या काळातला. दोघं मिळून एक विनोदी संगीत नाटक उभं करतात. एक शब्द लिहितो, दुसरा चाली बांधतो, आणि दोघांचं पटत नाही. पियानोवर बसलेल्या नटाची बोटं सुरांवर पडत नव्हती, हे मी मागे नेऊन पुन्हा पाहिलं. पेटी मी कोणापुढे बसून शिकलो नाही, कानाने शिकलो, म्हणून असलं मला खपत नाही. पण एका ठिकाणी प्रेक्षक हसतात आणि चालीवाला हात तसेच हवेत धरून थांबतो, हसू ओसरेपर्यंत. तिथे मी सिनेमा बंद केला.

आठवलं ते चेरीतालचं आपलं स्वयंपाकघर. तुम्ही रिछाईच्या कारखान्यातली पाळी संपवून आला आहात, आई पोळ्या लाटते आहे, आणि मंडळाच्या गणपतीसाठी तुम्ही लिहिलेलं प्रहसन आपण दोघं बसवतो आहोत. मुलगी पाहायला आलेला नवरदेव फराळावरून उठतच नाही, आणि मुलगी आवडली का विचारलं तर गातो, आधी आईला ट्रंककॉल लावा. आई लाटणं सोडून हसते. मी मात्र ओळ संपताच मोठ्या डौलात पेटीवर लांब तान घेतो. तुम्ही पेटीचा भाता दाबून धरता. "ती हसून राहिली अन् तू वाजवून राहिला. काहून? हसण्याच्या जागी गप्प बसायला शिक, बेटा." मी रुसलो. तुम्ही समजूत घातली नाही. पेटी पुसून माझ्यापुढे आणून ठेवली, बस. मी ती जागा रिकामी सोडली.

तुम्ही गेल्यावर ते प्रहसन कोणी केलं नव्हतं. यंदा मंडळाने काढलं. तुमचा एक शब्द हलणार नाही, असं मीच सगळ्यांना बजावलं. तालमीत पोरं म्हणाली, "काका, ट्रंककॉल मतलब?" पूर्वी परगावी फोन एक्स्चेंजकडून जोडून घ्यावा लागे, तासन्तास वाट पाहावी लागे, असं मी नीट समजावलं. सगळे म्हणाले, अच्छा. हसलं कोणी नाही. तुमची सगळ्यात हुकमी ओळ माझ्या देखत मरत होती, आणि त्या रिकाम्या जागेत नुसता पंखा ऐकू येत होता. बरेच दिवस अडून बसलो, मग मीच ती काढून टाकून दुसरी लिहिली. आता आवडली का विचारलं तर नवरदेव गातो, बस एक जलेबी और.

प्रयोगाला लोक हसता हसता खुर्च्यांवरून वाकले. नंतर दीक्षितपुऱ्याच्या एक काकू, ज्यांनी आपला तो पहिला प्रयोग पाहिला होता, डोळे पुसत म्हणाल्या, "तुझ्या बाबांसारखं लिहिणारा पुन्हा झाला नाही रे. ती जलेबीची ओळ तर मला तेव्हापासून पाठ आहे."

चूक दिसली की मी दुरुस्त करतोच, तुम्हाला माहीत आहे. शब्द ओठांवर आले होते. पण म्हणालो, "हो काकू, बाबांचीच ती."

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून लिहून टाकतो. ओळ चांगली जमली होती, बाबा. तेवढं मला तुमच्याकडून ऐकायचं होतं.