अकरा शून्यं

नेब्रास्का,
गुरुवार, १५ मे

प्रिय ब्रिना,

मी बरी आहे, कोंबड्याही बऱ्या आहेत. तू रविवारी फोन ठेवलास तेव्हापासून एक साधी सकाळ डोक्यातून जात नाही. मी कोंबड्यांना दाणे टाकत होते, शेगडीवर कॉफी उतू चालली होती, आणि तुझे एमिलकाका अंगणातल्या पाऊस मोजायच्या नळीत पट्टी बुडवून ओरडले, "अर्लीन, चौदा!" म्हणजे इंचाचे चौदा शतांश. मी म्हटलं, "चौदा असो की चाळीस, चिखलाचे बूट बाहेर काढा." हवामान कार्यालयासाठी त्यांनी हे काम अडतीस वर्षं फुकट केलं. रोज सकाळी सातला.

तू म्हणालीस, "मावशी, ही पोरं माझ्या वयाची होतील तेव्हा जगात उरणार काय? त्यांना भूगोल कुठल्या तोंडाने शिकवू?" तीन आठवडे शाळेत गेली नाहीस, सोमवारीही गेली नाहीस तर नोकरी जाईल, हेही सांगितलंस. आणि मी विचारलं काय, तर "जेवलीस का?"

खरं तर मला पुष्कळ विचारायचं होतं. ही भीती नेमकी कधी येते? न्याहारीच्या आधी की नंतर? पोटात बसते की घशात? टोमणा नाही मारत, खरंच जाणून घ्यायचंय. वाचनालयातून या विषयावरची नऊ पुस्तकं आणून चाळली. कोणी उन्हाने जग संपवतो, कोणी यंत्रांनी. दोघांच्या तारखा जुळत नाहीत.

माझी भीती बरोबर सातला यायची. हे कोणाला बोलले नाही. काका गेल्यावर नळीचं काम मी लगेच हाती घेतलं, असं सगळे कौतुकाने सांगतात. पण पहिले अकरा दिवस मी दाराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. बाराव्या दिवशी कार्यालयाला पाठवायचा तक्ता भरला, अकरा शून्यं. त्यातले दोन दिवस पाऊस छपरावर वाजताना मी ऐकला होता. तरी शून्य. आता पुढे काही नाहीच, असं वाटत होतं.

मंगळवारी हवामान कार्यालयात फोन करून पोस्पिशिल साहेबांना सांगून टाकलं.

"मोजलं नाहीत ना बाई? मग शून्य कसं? 'माहीत नाही' अशी वेगळी खूण आहे आमच्याकडे."

"दोन वर्षं खोटं ठेवलं. लाज वाटते हो."

"लाजेला रकाना नाही आमच्या तक्त्यात."

मी हसले, मग रडले. 

ब्रिना, सगळं ठीक होईल असं मी लिहिणार नाही. मला माहीत नाही. पण तूही न मोजताच शून्य लिहिलंयस, पोरी.

काल मी तुझ्या ओमाहाच्या बसचं तिकीट काढलं. सोमवारी तुझ्याबरोबर शाळेच्या दारापर्यंत चालत येईन. आत जायचं की नाही, ते तू ठरव.

तुझी, पुढचं काहीच ठाऊक नसलेली,
अर्लीन मावशी