चौदा कप

ता. ३ फेब्रुवारी

चि. मास्तर यास दादाचे अ. आ. वि. वि.

तुझी तब्येत उत्तम आहे हे पत्राशिवायच कळलं. काल रात्री पावणेबाराला टीव्हीवर तुझा आवाज ठणठणीत होता. फोन करा, उत्तर द्या आणि बक्षीस न्या, असा जो भिकार कार्यक्रम लागतो, त्यात तू ट्रकड्रायव्हर म्हणून बोललास. टेबलावर किती कप आहेत असा प्रश्न होता आणि तू एकशे पाच म्हणालास. आवाज घोगरा काढलास, पण उत्तराआधी दोनदा घसा खाकरलास, हजेरी घेताना खाकरायचास तसा.

तीस वर्षं गणित शिकवलंस, एका बेरजेसाठी पोरांना बाकावर उभं केलंस, आणि आता एकशे पाच. मी चौथीत शाळा सोडली, पण चाळीस वर्षं कपबश्यांच्या गोदामात मोजदाद केली. त्या चित्रात चौदा कप आहेत. अकरा समोर, दोन किटलीमागे, आणि एकाचा नुसता कान दिसतो. कार्यक्रम चालवणारी ती मुलगी दोन तास हात जोडून सांगते की लाइन मोकळी आहे, आणि कोणी सहा म्हणतो, कोणी नव्वद. मला वाटायचं, सगळी अक्कल गेली कुठे. आता कळलं, ती आपल्याच घरातून गेली.

हे मी हसण्यावारी नेलं असतं, पण ताईपायी झोप उडाली आहे. तिचा उजवा डोळा मोतीबिंदूने गेल्यात जमा आहे आणि डावाही अंधुक झाला. ऑपरेशनची तारीख मिळाली होती, ती हिने रद्द केली. म्हणते, बक्षीस लागलं की मोठ्या इस्पितळात करीन. डॉक्टरांनी बजावलं आहे की आणखी दोन महिने गेले तर ते काही शब्द देणार नाहीत. आणि ही रोज रात्री रिसीव्हर कानाला लावून बसते. तिकडून एक बाई थांबा म्हणते, ही थांबते. तिला पडद्यावरचं दिसत नाही, म्हणून कप मीच मोजून सांगायचे. फोन कानाला असल्यामुळे तुझा आवाजही तिने ऐकला नाही. एकशे पाच हे उत्तर तिला मी सांगितलं, तेव्हा म्हणाली, असल्या गाढवांचा नंबर लागतो तर माझाही लागेल. ते गाढव कोण, हे मी अजून सांगितलेलं नाही.

माझं ती ऐकत नाही, चौथी पास म्हणून गप्प करते. तुझा शब्द मात्र तिला प्रमाण. पत्र लिहिशील तर मलाच वाचून दाखवावं लागेल, आणि मी पदरचं घालतो असं ती म्हणेल. फोन करशील तर तो सतत गुंतलेला. काय करतोस ते लवकर कळव. राग पुष्कळ आहे, लोभ त्याहून थोडा जास्त आहे.

तुझा दादा

ता. ९ फेब्रुवारी

ति. दादास सा. न. वि. वि.

पकडलंस. तो मीच. माझा एक जुना विद्यार्थी तिथे कामाला आहे. संध्याकाळी फोन येतो, आज तुम्ही अमुक धंद्याचे आणि उत्तर तमुक, एवढं सांगतात. चुकीचं उत्तर ऐकलं की बाकीच्यांना जोर चढतो, हे वर्गातही पाहिलंय. दादा, निवृत्त झाल्यापासून मला कोणी काही विचारत नाही. इथे निदान विचारतात. शाळेच्या नाटकात काम केल्यासारखं वाटायचं. ताई दुसऱ्या टोकाला बसली असेल हे मनातही आलं नाही. लाज वाटते.

शनिवारी मला बेकरीवाला करून तीस म्हणायला सांगितलंय. मी माझ्या स्वतःच्या आवाजात चौदा सांगेन. ते चूकच ठरवणार, कारण त्यांच्या बरोबर उत्तराच्या पाकिटात सत्तावीस लिहून ठेवलंय, तिथल्या शिपायालाही त्याचा हिशोब लागत नाही. तू फक्त त्या वेळी ताईच्या कानाचा रिसीव्हर काढ. बरोबर उत्तर चूक ठरलेलं तिने ऐकलं की तिचे डोळे उघडतील. माया पातळ करू नकोस.

तुझा मास्तर

ता. १२ फेब्रुवारी

चि. मास्तर यास अ. आ.

बेत बरा आहे, पण मला धास्ती वाटते. आयत्या वेळी तुझी दातखीळ बसली तर? रिसीव्हर काढताना ताईने मला फटका दिला तर? तरी करतो. चौदाच सांग, पंधरा नको.

दादा

ता. १७ फेब्रुवारी

चि. मास्तर यास अनेक आशीर्वाद.

तू कामगिरी चोख केलीस. रिसीव्हर तापलाय, फुटेल, असं सांगून मी तो काढून घेतला. ताईने तुझा आवाज लगेच ओळखला, पुढे सरकून बसली. निवृत्त गणित शिक्षक म्हणालास, चौदा म्हणालास. मुलीने बाजूला कोणाकडे तरी पाहिलं आणि तोंड भरून हसत सांगितलं की उत्तर साफ चुकलं. फोन कापला. मी विजयी वीरासारखं ताईकडे पाहिलं.

 ती म्हणाली, बिचाऱ्या मास्तराचं वय झालं, साधे कप मोजता येईनात.

मी सगळं फोडून सांगितलं, ट्रकड्रायव्हर, बेकरीवाला, पाकीट. ती म्हणाली, चुकीचं उत्तर द्यायला कोणी शहाणा पगारी माणसं ठेवील का.  त्या हरामखोरांचा धंदा इतका निर्लज्ज आहे की खरं सांगणाराच खोटा ठरतो. मग ती माझ्यावर उलटली. तूही इतके दिवस चौदाच सांगतोस, मी तेच धरून बसले, दोघे भाऊ एका माळेचे मणी. यापुढे कोणाच्या डोळ्यांवर भरवसा नाही, स्वतःच मोजणार.

आणि काल सकाळी तिने स्वतः डॉक्टरांना फोन लावला. महिन्याभरात त्या फोनवरून झालेलं हे पहिलं अकलेचं काम. पुढच्या गुरुवारी नऊला ऑपरेशन आहे. मोठ्या इस्पितळाचं नावही काढलं नाही, घाईच तशी आहे.

तुला आता तिकडे कोणी बोलावणार नाही, तेव्हा रिकामाच असशील. आदल्या दिवशी, बुधवारी ये. मला एकट्याला बाहेरच्या बाकावर बसवणार नाही. नव्या चित्राचे कष्ट नकोत म्हणून ते लोक अजून तेच टेबल दाखवतात. पट्टी निघाली की ती पडद्यासमोर जाऊन बसेल आणि बोट लावून कप मोजेल. अकरा समोर, दोन किटलीमागे. चौदाव्याच्या त्या कानापाशी पोचली की ती मान वळवून आपल्याकडे पाहील, तेव्हा आपण दोघं समोर असायला हवं.

आशीर्वाद आहेतच, ते मोजायला लागू नकोस.

तुझा दादा