तुमचा फ्लेक्स आत्यांनी वाचला

अहो पुढारी,

सत्काराची शाल कपाटात ठेवा. हार म्हशीपुढं टाकू नका, तिचं पोट बिघडतं.

कन्याकुमारीपत्तोर गाड्या पळवून तुमी दोस्तांनी गरिबांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी वर्गणी जमवली, म्हणून पिंपळीच्या चौकात फ्लेक्स लागलाय. गॉगल झ्याक दिसतोय.

निघताना आत्यांनी, तुमच्या सख्ख्या आईनं, तुमच्याऐवजी दादासोला ओवाळलं. मोतीबिंदूमुळं म्हातारीला स्वतःचा ल्योक वळखंना, आन तुमी हसत व्हिडिओ काढला. त्यांच्या ऑपरेशनचं मी इचारलं, तर तुमी म्हणाला, "राईडवरनं आल्यावर बघू."

तुमच्या दोस्ताला, दादासोला, मातर ते खपलं न्हाय. तो इंदापुरातनंच माघारी फिरला आन आमाला बारामतीच्या दवाखान्यात घेऊन गेला. ऑपरेशन झालं. आता आत्यांना लांबचं बी सगळं दिसतंय.

त्यांना इसाव्याला शेळगावला वन्संकडं घेऊन चाललीय. न्यायला येऊ नका. धार तुमीच काढा. म्हैस लाथ मारती, तिनं तुमचा फ्लेक्स बघितलेला न्हाय.

आत्यांनी बघितला. काल चौकात उभं राहून सगळा वाचला. मग म्हणाल्या, "त्या दिवशी मी बरोबर माणसालाच ओवाळलं."

राजेश्वरी