धुळवडीचं ताट

प्रिय दादा,

आज येशू उठला तो दिवस, अन मी तुले शिव्या घालायले बसली. अक्षरं तूच शिकवली ना? मंग ऐक!

सकाळी पाद्रीबाबा म्हणाले, "उपासाचे चाळीस दिवस सरले, आता आनंदानं जेवा." सगळे जेवले. मी नाही जेवली. तुझ्या कबरीवर हात ठेवून मी बोलली होती, काकाचं रक्त सांडल्यावरच उपास सोडीन. धुळवडीपासून चतकोर भाकर अन पाणी, तेवढ्यावर जगून राहिली.

काहून नाही खाल्लं रे तू त्या दिवशी? काहून?

आपण बाप्तिस्मा घेतला तवापासून काकाच्या घरी आपलं पान ओसरीच्या खाली पडे. पाणी वरून ओतत. यंदा कापूस विलायतेले जाऊन राहिला, काकाले पैसा दिसला, अमरावतीच्या बाजारातून येतायेता त्यानं बैलांच्या शिंगांले चांदीच्या शेंब्या घातल्या. त्या खुशीत त्याचं मनही मोठं झालं. धुळवडीले बकरा कापला. साऱ्या गावादेखत तुले हाताले धरून पंगतीत नेलं, आपल्या शेजारच्या पाटावर बसवलं. "माह्या भावाचं पोरगं हाय! ज्याले उठाचं असन त्यानं उठा!" कोणी उठलं नाही, दादा! मी खांबामागं उभी राहून रडून राहिली होती.

अन तू काय म्हणाला? "काका, मले उपास हाय." ताट सरकवलं!

अरे, देव काय तुझ्या ताटातले मटणाचे तुकडे मोजत बसला होता?

काका आधी हसला. मंग म्हणाला, "आता आमीच बाटलो काय रे तुले?" मोहाची दारू चढलेली होती. तू पुन्हा मान हलवली. त्यानं अंगणातल्या गाडीची उभारी, तो कडेचा लाकडी दांडा, उपटली. पहिला घाव खांद्यावर, दुसरा डोक्यात. तुझं रक्त रश्श्यात सांडलं. मी धावली त मलेही लाथेनं उडवलं. तू पडल्यावरही तो हाणतच होता, अन हाणताहाणता रडत होता मेला! गावानं पोलिसांले सांगितलं, पोरगं गाडीवरून पडलं. माझं कोणी ऐकलं नाही.

ती उभारी मी घरी आणली. दारामागं ठेवली.

आज दुपारी काका दारात आला. एकटाच. वाळून काडी झाला. हातात पुरणपोळीचं ताट. दुखवट्याच्या घरी पहिल्या सणाले भावकीनं येऊन तोंड गोड करायचं, ती रीत पाळायले आला होता. दिवाळीले नाही, आपल्या सणाले! "आज तुमचा सन हाय म्हने," म्हणाला.

मी उभारी काढली अन हाणली. ताट उडालं. त्याचं मनगट कडकन मोडलं, हाड बाहेर आलं. मंग डोक्यावर उगारली. तो हलला नाही. रक्ताळलेला हात पोटाशी धरून खाली बसला, अन दुसऱ्या हातानं मातीतली पोळी उचलून झटकू लागला.

"मार," म्हणाला. "पन आधी एक घास खाय, पोरी. त्यानं नाही खाल्ला."

त्याचा गळा दाबावा वाटला, दादा. अजून वाटते! पण उभारी माझ्या हातून खाली गेली. मी तो घास घेतला. दातांखाली खडे कचकचले. मी गिळला.

मंग मी त्याचा हात पदरानं बांधला. म्हटलं, "उद्या अकोल्याले साहेबापुढं चाल. खरं सांग." तो म्हणाला, "चाल."

त्याले माफ केलं असं समजू नको. फासावर चढवलं त मी आडवी जाणार नाही. पण तुझ्यावरचा राग त्याहून मोठा हाय, तो कोणापुढं नेऊ?

पुढच्या वर्षी मी उपास धरीन, तुझ्याइतकाच कडक. पण मधात कोणी हाताले धरून पंगतीत बसवलं, त बसीन. खाईन. देवाले सांगीन, आजचा उपास उद्या करते. हे माझं तुले वचन.

एकच घास लागत होता रे, दादा.

तुझी,
सखू